कोकम सरबताची बाटली

मंडळाच्या फळ्यापाशी थांबलाच आहात, तर एवढं वाचूनच जा.

आज सकाळी पायाचं ड्रेसिंग करायला सरकारी दवाखान्यात गेलो होतो. माझ्यापुढे आरे गावची एक मासेवाली काकी होती, कडेवर तापलेली नात. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, पण कंपाउंडर म्हणाला, "बाटली कुठाय? बाटली नाही तर औषध नाही."

"पोर फणफणली, तशीच धावत आले रे. बाटली घरात राहिली."

"मग जा, घेऊन ये."

म्हणजे तापल्या पोरीला घेऊन पुन्हा आरे गाठायचं. माझं डोकं फिरलं. "औषध हा तिचा हक्क आहे, उपकार नाही."

"हक्क आहेच रे," तो म्हणाला. "पण ओतू कशात? तुझ्या खिशात?"

सगळे हसले. मी लंगडत समोरच्या माझ्या घरी गेलो. खिडकीत एकच रिकामी बाटली होती, कोकम सरबताची. मी कॉलेज सोडलं त्या दिवशी वर्गातल्या एका मुलीने दिलेली. जगण्याच्या हक्कात औषधही आलंच पाहिजे म्हणून सरांशी भांडायची ती. बाटलीवरचं तिच्या हातचं 'कोकम' मी आजवर कुणाला पुसू दिलं नव्हतं.

बाटली विसळून नेली. कंपाउंडरने औषध भरलं आणि डोसाच्या खुणांचा कागद नेमका त्या अक्षरांवर चिकटवला.

"परत आणून देते हो," काकी म्हणाली.

"राहू दे तुमच्याकडेच. पुन्हा लागेल."

आता खिडकी ओकीबोकी वाटते. तुमच्याकडे अशा किती बाटल्या नुसत्या पडून आहेत? धुऊन मंडळात आणा. उद्या सगळ्या दवाखान्यात नेऊन ठेवू. मग बघतो, बाटलीसाठी कोण कुणाला परत पाठवतो ते.