सतरा इंची लॅपटॉपचे आठ दिवस

आमच्या घरात किस्से शोधावे लागत नाहीत, ते माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे आपोआप साठतात. घरात एक लॅपटॉप काय आला, आठ दिवसांत एवढे किस्से झाले की मैत्रिणींना सांगता सांगता माझा घसा बसला!

आमचं घर हुपरीचं. खाली पैंजणांचा कारखाना, वर आम्ही. कारखाना म्हणजे घरचीच माणसं आणि चार यंत्रं. लग्न होऊन आल्यापासून माझं काम एकच, चांदीच्या कड्या जोडायच्या. गेल्या वर्षी हट्टानं कोल्हापूरला जाऊन कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचा कोर्स केला. पैंजण खऱ्या मापात दिसायचं तर मोठा स्क्रीन हवा, म्हणून सतरा इंची लॅपटॉप मागितला.

सासरे, म्हणजे आमचे मामा, म्हणाले, "घिऊ. पर घरातल्या समद्यांनी वापरून बघायचा. एकाला जरी पटला न्हाय, तर परत. आन् तू परत कड्यांवर!"

*

दुकान कोल्हापुरात. सेल्समन प्रोसेसर, रॅम, एसएसडी असं धडाधडा सांगत होता. मामांचं लक्ष नव्हतं. ते लॅपटॉप उघडत होते, मिटत होते, पुन्हा उघडत होते. पैंजणाचा फास, म्हणजे अडकवायचा आकडा, आम्ही असाच तपासतो. विसाव्या वेळी सेल्समनला घाम फुटला.

"मामा, तुटंल की ओ!"

"तुटला तर हितं तुटू दे. घरात तुटण्यापरास बरं!"

आणखी वीस वेळा केलं. बिजागरी हूं की चूं करेना. सेल्समननं मात्र आम्ही उठेपर्यंत दुसरा लॅपटॉप टेबलावर काढला नाही.

*

घरी आल्यावर ओवाळणं राहिलं बाजूला, मामांनी लॅपटॉप थेट चांदीच्या काट्यावर ठेवला. आमच्यात वस्तू घरात आली की आधी वजन! कंपनीच्या कागदावर दोन किलो सहाशे ग्रॅम. काटा म्हणाला, दोन किलो सहाशे बारा.

मामांनी लगेच दुकानात फोन लावला. "पावणं, बारा ग्रॅम जादा आलंय."

"मग काय अडचण हाय मामा?"

"अडचण कसली? असा धंदा करशीला तर बुडशीला की!"

*

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांची परीक्षा व्हिडिओ कॉलची. चंदगडला त्यांची धाकटी बहीण असते. रोज मोबाईलवर बोलणं व्हायचंच, पण त्यात मावशींचं नाक तेवढं दिसायचं. लॅपटॉपवर नाकच काय, मागचा अख्खा सोपा, म्हणजे बैठकीची खोली, दिसायला लागला. बाहेर पाऊस, म्हणून आत दोरीवर कपडे वाळत घातलेले.

आत्या स्क्रीनच्या जवळ गेल्या. अजून जवळ गेल्या.

"गे, ती मोरपंखी साडी कुणाची?"

दोन वर्षांपूर्वी आत्यांकडून नेलेली ही साडी "सापडंना झाल्या अक्का" म्हणून मावशींनी शपथा घेतल्या होत्या!

"अक्का, रेंज गेली बघ हितली," असं मावशी अगदी स्वच्छ, न अडकता, खणखणीत आवाजात म्हणाल्या आणि फोन कट झाला.

आत्या माझ्याकडं वळल्या. "चित्र लई स्वच्छ हाय गं. मला पटला!"

*

सगळंच काही गोड नव्हतं. डिझाइनचं सॉफ्टवेअर टाकून आणायला आमचे हे लॅपटॉप घेऊन एसटीनं कोल्हापूरला निघाले. सतरा इंची लॅपटॉप आमच्या एकाही बॅगेत बसेना! शेवटी मामांच्या सत्काराच्या शालीत गुंडाळला आणि फोटोच्या फ्रेमसारखा मांडीवर उभा धरून बसले.

शेजारच्या म्हाताऱ्यानं बराच वेळ बघितलं, टोपी काढली, शालीला हात जोडले आणि हळूच विचारलं, "कवा गेलं?"

हे पडले लाजरे. समजावत कोण बसणार?

"अचानकच गेलं," म्हणाले.

कोल्हापूर येईपर्यंत ह्यांना तीन माणसांच्या सीटवर एकट्याला जागा! "बॅगेचं बघावं लागंल, पर मला पटला," म्हणून परत आले.

*

धाकटे दीर सुनीलभावजी म्हणजे कुस्तीवेडे. त्यांनी बॅटरी तपासायला घेतली. दुपारी लाइट गेली तशी यंत्रं बंद पडली आणि त्यांनी कुस्त्या लावल्या. आवाज कमी वाटला म्हणून लॅपटॉपच्या मागं पितळी परात उभी केली. मग काय! अर्धी गल्ली आत आली. चांगल्या पाच तासांनी लाइट आली, तेव्हा बॅटरी अजून शिल्लक होती.

"पैलवान दमले, गडी दमला न्हाय!" भावजींनी लॅपटॉपवर थाप मारली.

*

आठव्या दिवशी राहिले फक्त मामा. मला रात्रभर झोप नव्हती. सकाळी ते आत्यांना म्हणाले, "उजव्या पायातलं काढ."

हे पैंजण मामांनी स्वतःच्या लग्नासाठी स्वतः घडवलेलं. त्याच्यासारखं हुपरीत दुसरं नाही, असं ते आलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याला सांगतात.

"हे काढून दाव तुझ्या मशीनवर. दुपारपातूर."

मी फोटो घेतला आणि बसले. फोटोवरून एकेक कडी, एकेक घुंगरू काढलं. दुपारी सगळं घर मागं उभं. मामांनी पैंजण उचलून सरळ स्क्रीनवर धरलं. टोकाला टोक जुळलं! माझा जीव भांड्यात पडला.

पण मामांची नजर म्हणजे नजर. बोट ठेवलं. "हितं चुकलीस. ही कडी उलटी हाय."

भावजी म्हणाले, "वैनी, मूळचा फोटो मोठा करा की." केला. ती एकच कडी अख्ख्या स्क्रीनभर दिसायला लागली.

उलटीच होती.

मामांनी भिंग काढलं, पैंजण उजेडात नेलं, बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग ते येऊन माझ्याशेजारी बसले.

"मशीन ऱ्हाऊ दे," म्हणाले. "आन् उद्यापासनं तू कड्यांवर बसायचं न्हाय. हितं बसायचं."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. भावजींनी शिट्टी मारली.

एवढ्यात मागून आत्या पुढं आल्या. त्यांनी स्क्रीनवरच्या कडीकडं बघितलं, मग मामांकडं.

"चाळीस वर्सं सांगालोय न्हवं, उजवं टोचतंय म्हणून!"