कोठीत भुरभुरलेलं पीठ

भाचीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "मावशी, हे बघ." पडद्यावर उंदराची करडी आकृती होती आणि तिच्या बरगडीखाली एक हिरवा ठिपका चमकत होता. भाची कर्करोगावर संशोधन करते. डोळ्यांना न दिसणारे कण रक्तात सोडले की ते गाठ ओळखतात, तिलाच जाऊन चिकटतात आणि तिचा ठावठिकाणा दाखवतात, असं तिने समजावलं.

मला आई आठवली. घरात उंदीर शिरला की निजायच्या आधी ती कोठीत गव्हाचं पीठ भुरभुरायची. सकाळी त्यावर पावलं उमटलेली असायची, थेट बिळापर्यंत. आधी बीळ, मग सापळा, हा तिचा शिरस्ता.

त्याच आईच्या पोटात गाठ वाढत राहिली आणि कुणाला पत्ता लागला नाही. अपचन समजून ती ओवा चघळत राहिली. गाठ दिसली तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली. माणसांवरचे माझे राग कधीच निवले. त्या गाठीवरचा अजून तसाच आहे. आईचंच खाऊन ती पोसली आणि वेळ निघून जाईपर्यंत लपून राहिली.

"माणसांसाठी कधी येणार हे?"

"वेळ लागेल, मावशी. सध्या या बिचाऱ्यावरच चाललंय."

उंदराची मला दया आली, ठिपक्याची नाही. मी त्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि आई बिळाशी वाकून म्हणायची तेच म्हणाले, "सापडलास मेल्या."

भाची हसली. मी बोट तसंच दाबून धरलं.