बूट दाराबाहेर

हसायचं तर हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. मी माझ्या नवऱ्याला त्याच्या साहेबासमोर, सगळ्यांच्या देखत, घराबाहेर काढलं. तेही गाऊन. आणि वर टाळ्या का पडत नाहीत म्हणून उभी राहिले. चूक माझी होती असं सगळे म्हणतात. तुम्ही ऐका, मग बोला.

तेव्हा आम्ही शारजाला, अल नहदात राहायचो. हे औद्योगिक भागातल्या एका गॅरेजात ट्रकचे मेकॅनिक. त्या वर्षी एका अमेरिकन बाईचं गाणं इतकं चाललं होतं की विचारू नका. तिकडच्या गावाकडचं गाणं म्हणे. गिटार, मागे बारीक व्हायोलिन आणि बाईचा आवाज साखरेच्या पाकासारखा. रेडिओ लावला की तेच. खालच्या मल्याळी ग्रोसरीवाल्याला ते चर्चमधलं वाटायचं, म्हणून तो ते लागलं की सुट्टे पैसे हळू मोजायचा. टॅक्सीवाला पठाण म्हणायचा, "भाभीजी, ये सुनके गाँव याद आता है." शब्द कुणाला कळत नव्हते आणि कुणाचं काही अडतही नव्हतं.

मलाही आवडलं. मी चौथी पास, पण कान काही चौथीत राहिले नाहीत. आमच्या श्वेताला विचारलं. ती तेव्हा बारा वर्षांची, मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी.

"ही सारखी बिली बिली करते, तो कोण गं?"

"हर हजबंड, मम्मी."

"नवऱ्याचं नाव घेऊन गाते?"

"या."

"आणि शेवटी यमक जुळवते?"

"मम्मी, इट्स अ साँग. ऑल साँग्ज राइम."

आता मला सांगा, बाई नवऱ्याचं नाव घेते, यमक जुळवते, लोकांसमोर म्हणते. याला आपल्यात काय म्हणतात? उखाणाच ना?

अर्थ मी माझा लावला. बूट कळलं, ट्रक कळलं, डोअर कळलं. पोर्च म्हणजे ओटा, एवढं श्वेताने सांगितलं. झालं की मग. नवरा दमून भागून ट्रक घेऊन येतो, बूट ओट्यावर काढतो, बायको दारात उभी. चांगल्या घरातला माणूस पायातलं बाहेरच काढतो, अमेरिकेत काय आणि चिपळूणला काय. मधल्या शब्दांचं म्हणाल तर 'सोल्ड' हे मला ट्रकचं मॉडेल वाटलं होतं.

त्यातच गॅरेजात फोरमनची जागा निघाली. आधीचा फोरमन पाच वाजले की अर्धा ट्रक उघडा टाकून घरी पळायचा, म्हणून त्याला काढला. क्लाइड साहेब टेक्ससचा. तो म्हणाला, मला घरी शांती असलेला, स्थिर माणूस पाहिजे. हे आठवडाभर जेवेनात.

"घरची शांती साहेबाला दाखवायची कशी?" हे म्हणाले.

"मी दाखवते."

"तू काही करू नकोस. हात जोडतो."

पण त्याच शुक्रवारी गॅरेजच्या शेडमध्ये सगळ्यांचं जेवण होतं, बायकामुलांसकट. बिर्याणीच्या आधी आम्हा मराठी बायकांनी नावं घ्यायचं ठरलं. अकाउंटंटची बायको कुलकर्णी वहिनी, एमए झालेली. तिने साहेबाला समजावलं, "सर, अवर कस्टम. वाइफ टेक्स हजबंड्स नेम अँड सेज व्हॉट इज इन हर हार्ट." साहेब टोपी मांडीवर घेऊन पुढच्या खुर्चीत बसला.

बाकीच्यांनी चांदीचं ताट, जाईजुईचा वेल वगैरे केलं. वहिनी प्रत्येकीचं भाषांतर करत होती. माझी पाळी आली.

"वहिनी, माझं भाषांतर नको. मी थेट साहेबाच्या भाषेत घेणार आहे."

आमच्या ह्यांचा चेहरा तिथेच पडला. मी पदर खोचला आणि त्या बाईच्याच चालीत सुरू केलं:

"प्रकाश, युअर बूट्स आर ऑन द पोर्च, युअर ट्रक इज सोल्ड,
प्रकाश, डोन्ट नॉक ऑन माय डोअर, माय हार्ट इज कोल्ड."

टाळी एकही पडली नाही. साहेबाचे डोळे भरून आले. मला वाटलं, बरोबर लागलं. म्हणून कुणी वन्स मोर म्हणायच्या आत मीच पुन्हा म्हटलं. या वेळी जरा मोठ्याने, आणि ह्यांच्याकडे हात करून.

वहिनीने मला दंडाला धरून पाण्याच्या टाकीमागे नेलं.

"सुमनताई, काय म्हणालात कळतंय का? तुमचे बूट बाहेर फेकले, ट्रक विकला, दार वाजवू नका, माझं मन आता मेलंय."

"कोण म्हणतं?"

"तुम्ही म्हणालात. दोनदा."

"मग ती मेली इतकं गोड का गाते?"

हा प्रश्न माझा अजून आहे. आपल्याकडे बाई नवऱ्याला बाहेर काढते तेव्हा चार बिऱ्हाडांना कळतं. अंगाई म्हटल्यासारखं कोण हाकलतं? आणि एवढं गाणं रेडिओवर गाजत होतं, कुणा एकाला तरी सांगता आलं नसतं?

बाहेर येऊन बघते तर साहेबाचा हात ह्यांच्या खांद्यावर. साहेबाची बायकोही अशीच गेली होती म्हणे, आणि त्याचा ट्रक तर खरंच विकून गेली होती. त्याने ह्यांना आठवडाभर सुट्टी दिली. "गो होम, ब्रदर. फिक्स इट." एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, मेकॅनिकने ह्यांच्या हातात बिर्याणीचा डबा दिला. "हबीबी, मेरे रूम में एक बेड खाली है."

घरी आल्यावर हे सोफ्यावर बसले, बूट घालूनच.

"फोरमन खलास," म्हणाले. "साहेबाला वाटतंय माझं घर मोडलंय."

"मग मी सांगते त्याला."

"तू गप्प बसलीस तरी पुष्कळ आहे."

"गप्प बसायला चौथीपर्यंत शिकवलं नव्हतं."

शनिवारी सकाळी ह्यांना बाहीला धरून मी साहेबाच्या केबिनमध्ये उभं केलं. टेबलावर डबा ठेवला, कोलंबीचं कालवण आणि भाकरी. अकाउंटंट कुलकर्णी तिथेच बिलं घेऊन उभे होते.

"साहेब," मी म्हटलं, "नो सोल्ड. नो कोल्ड. हजबंड इनसाइड. बूट्स आउटसाइड. एव्हरी डे."

"सॉरी सर," हे पुटपुटले.

"सॉरी कशाला? गाणं मी लिहिलंय का?" आणि साहेबाकडे बोट करून म्हटलं, "युअर कंट्री साँग. युअर कंट्री मिस्टेक."

साहेब लाल होईपर्यंत हसला. मग ह्यांच्याकडे बघितलं, माझ्या बोटाकडे बघितलं, कुलकर्ण्यांना काहीतरी बोलला आणि ह्यांचा हात हातात घेतला. जागा ह्यांनाच मिळाली.

मी अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. ग्रोसरीवाल्याला, पठाणाला, सगळ्यांना सांगितलं, उखाण्याने फोरमन केला. माफी मागितली नाही, आजही मागत नाही. कुलकर्णी वहिनीकडे तर दोन पेढे जास्त घेऊन गेले.

"बघितलंत? साहेबाला आमची शांती पटली."

वहिनी पेढा हातात धरून हसू दाबत होती. "शांती नाही हो, सुमनताई. आमच्या ह्यांना साहेब म्हणाला, ज्याच्या घरी ही बाई आहे, त्याला पाच वाजता घरी जायची घाई कधीच होणार नाही. फोरमन असाच पाहिजे."

पेढा मी परत घेतला. आणि साहेब काही चुकला नाही. तेव्हापासून हे आठ वाजल्याशिवाय घरी येत नाहीत.