लोकर-रेशमाची बंडी

मागच्या हिवाळ्यात आबांना आठ दिवस जळगावला दवाखान्यात ठेवावं लागलं. छातीत कफ दाटला होता, चार शब्द बोलले की दम लागायचा. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, की या वयात हे पुन्हा झालं तर मी शब्द देऊ शकणार नाही. थंडीत छाती उबेत राहिली पाहिजे, पण घामही अंगावर जिरता कामा नये. मी मान हलवली. मान हलवणं सोपं होतं. आबांच्या अंगावर काही चढवणं सोपं नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. धरणगावजवळच्या एका खेड्यात आमची कापसाची शेती आहे आणि दारात दोन म्हशी आहेत. उजाडायच्या आत उठायचं, धार काढायची आणि मोटरसायकलला कॅन अडकवून दूध डेअरीवर घालायचं, हा त्यांचा नेम. अंगात सुती बनियन आणि वर शर्ट, बस. आमच्याकडचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक असतो, पण मार्गशीर्ष-पौषातली सकाळ काय असते ते मोटरसायकलवर बसून बघावं. आबांना काम सोडा म्हणणं म्हणजे म्हशीला दूध देऊ नको म्हणण्यासारखं. त्यामुळे राहता राहिला कपडा.

दिवाळी झाल्या झाल्या मी जळगावहून त्यांच्यासाठी तीन थर्मल नेले. तिन्हींच्या पाकिटावर मेंढीचं चित्र होतं. पहिला त्यांनी दोन दिवस घातला आणि पाठभर गांधी उठल्या. "अंगले चावस ते," एवढंच म्हणाले. बाकीचे दोन घालतो म्हणाले, आणि मी विश्वास ठेवला. पुढच्या खेपेला गोठ्यात गेले तर एक थर्मल पाण्याच्या नळाला गुंडाळलेला होता आणि दुसरा वासराच्या पाठीवर बांधलेला. वासराला मात्र गांधी उठल्या नव्हत्या.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., केमिस्ट्री. हे मी कोणी न विचारता सांगते, कारण ते मिळवायला काय लागलं ते मला माहीत आहे. जळगावला एका पाइपच्या कारखान्यात माल तपासायच्या खोलीत मी काम करते. कागदावर प्लॅस्टिकचा नवा दाणा लिहिलेला असतो आणि पोत्यात भंगारातला वितळवून मिसळलेला असतो. पाइपचा तुकडा कापून काडी लावली, की ज्योत कशी, थेंब कसे पडतात, वास मेणबत्तीचा की कडवट, यावरून बरंच कळतं. सात वर्षांत मी एक शिकले, कागद काय म्हणतो ते शेवटी वाचायचं.

खरं तर हे शिकायला कॉलेजात जायची गरज नव्हती. आमच्या घरात संशय हा धंद्याचाच भाग. आबा कुणाचा कापूस बघायला गेले, तर ढिगाच्या वरच्या बोंडांकडे बघतही नाहीत. बाही वर करून कोपरापर्यंत हात ढिगाच्या पोटात घालतात, आतून मूठभर काढतात, दोन अंगठ्यांत धरून तंतू ओढतात, ओल लागते का बघतात. वरचा कापूस दाखवायचा असतो आणि आतला विकायचा असतो, हे त्यांचं म्हणणं मी लहानपणापासून ऐकत आले.

तर उरलेल्या एका थर्मलची दोन बोटं रुंद पट्टी कापून मी काडी लावली. वितळून काळी गुठळी झाली. मेंढी फक्त पाकिटावर होती.

मग मी कातडीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जाडी लोकर टोचते, आणि हे असले कृत्रिम धागे घाम कोंडतात. अगदी बारीक लोकर आणि रेशीम एकत्र विणलेली बंडी मिळते, रोज घालता येईल अशी. मिळाली तर बघा. मिळाली तर, असं त्यांनी म्हटलं तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. बंडी मिळायची ती त्यांच्याच ओळखीच्या कुठल्या तरी दुकानात, असं मला वाटलं. पण त्यांनी कुठलंच दुकान सांगितलं नाही. तो संशय मला मागे घ्यावा लागला.

जळगावात मी चार दुकानं फिरले, पर्समध्ये काडेपेटी आणि छोटी कात्री घेऊन. प्रत्येक ठिकाणी "प्युअर आहे ताई" ऐकायचं आणि मी म्हणायचं, एक दोरा जाळून बघू का. एका दुकानदाराने हात जोडून विचारलं, ताई, कपडा घ्यायला आलात की धाड टाकायला? मी म्हटलं, तुमच्यावर आहे. चौथ्याने मला दारातूनच नाही म्हणून सांगितलं. बातमी पोचली असावी.

कारखान्यातल्या एकीने धुळ्याचं दुकान सांगितलं. बाजारातल्या गल्लीत जुनं बनियन-मोज्यांचं दुकान, हिमालयात यात्रेला जाणारे लोक तिथून गरम कपडे नेतात म्हणे. रविवारी एसटी धरली आणि गेले. गल्ल्यावर साठीच्या पुढचे एक गृहस्थ, चष्मा कपाळावर, गिऱ्हाइकं त्यांना नाना म्हणत होती. त्यांनी वरच्या फळीवरून खोका काढला, बंडी उलगडली. तांबूस पांढरी, पातळ, हातात घेतली तर वजनच नाही. गालाला लावून बघितली. टोचली नाही. एवढी मऊ आहे म्हणूनच मला ती खोटी वाटली.

मी विचारलं, यात खरंच लोकर-रेशीम आहे कशावरून? चष्मा खाली घेत ते म्हणाले, "पाकिटावर सत्तर टक्के लोकर, तीस टक्के रेशीम लिहिलंय ताई. मेंढी काही मी पाहिलेली नाही."

असं उत्तर मला आजवर कोणी दिलं नव्हतं. प्रामाणिक माणूस असं बोलतो, आणि फार हुशार माणूसही असंच बोलतो. मी दुसरं गृहीत धरलं. किंमत त्या तीन थर्मलच्या एकत्र किमतीपेक्षा जास्त होती. जाळून बघू का म्हटल्यावर ते म्हणाले, घेतल्यावर तुमचा माल, काहीही करा. धुतली नाही तर परतही घेईन. निघताना त्यांनी तीन गोष्टी बजावल्या, उकळतं पाणी नको, सोडा नको, आपटणं नको. मी एक बंडी घेतली.

शनिवारी खोलीवर मी ती तपासायला काढली. नवी महाग वस्तू, मधोमध कात्री चालवायला हात धजेना. खालच्या काठाला एक दोरा सुटून लोंबत होता. तोच तोडला, चिमट्यात धरला, काडी लावली. भुर्रकन वितळला आणि टोकाला काळी, टणक गुठळी. वास तर माझ्या रोजच्या ओळखीचा.

मला राग आला, आणि खरं सांगते, बरंही वाटलं. आपण बरोबर होतो याचं एक बरं वाटणं असतं. पावतीवरच्या नंबरवर मी लगेच फोन लावला. म्हटलं, मी केमिस्ट्रीची पदवीधर आहे, माझं काम हेच आहे, खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना रेशीम सांगून प्लॅस्टिक विकता, वरून मेंढी पाहिली नाही म्हणून साळसूदपणे सांगता. अजूनही बरंच बोलले. पलीकडे दुकानात गिऱ्हाईक असावं, बोलण्याचा आवाज येत होता. ते गृहस्थ फक्त म्हणाले, आणून द्या ताई, पैसे देतो. आवाज चढला नाही. तोही मला चोराचाच वाटला.

रविवारी आधी गावी गेले. ठरवलं होतं की तिथूनच पुढे धुळ्याला जाऊन बंडी त्यांच्या गल्ल्यावर ठेवायची. घरात शिरले तर आबा ओट्यावर उन्हाला बसले होते आणि खोकत होते. माय म्हणाली, चार दिवसांपासून आहे. दूध घालून आले की अर्धा तास असंच चालतं. मागच्या वर्षी सुरुवात अशीच झाली होती. दुकानदाराबद्दलचं सगळं मी त्याच तिडिकीने सांगितलं आणि पाकीट खाटेवर टाकलं.

मायने बंडी उचलून बघितली. तिच्याकडे रेशीम म्हणजे लग्नातलं एक लुगडं, ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवलेलं, ते ती वर्षातून एकदा ऊन दाखवायला काढते. रोजच्या बंडीला रेशीम, ही कल्पनाच तिला पटेना. त्यात मी धुण्याचं सांगितलं तर तिचा संशय पक्का झाला. "जे आपटानं नही, त्याना मळ निघी कसा?" तिच्या हिशेबाने एवढ्यावरच कपडा नापास.

आबांनी मात्र बंडी मांडीवर घेतली. काठावरून बोट फिरवलं, मग तळहात आत घातला आणि कापड दोन अंगठ्यांत धरून ताणलं, कापसाचा तंतू ताणतात तसं. मला विचारलं, दोरा कुठला जाळला. मी काठ दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, थोडा वेळ बघितला.

"हाऊ शिलाईना दोरा शे. कापड त तू जाळंच नही."

मग ते खोकले, आणि खोकून झाल्यावर म्हणाले, "वरला कापूस दखीसन भाव करा तू."

वरचं बघून भाव केलास, हे ऐकून माझे कान तापले. कारखान्यात पाइपचा नमुना घेताना मी पहिला हातभर तुकडा कापून टाकून देते, कारण टोकावरून पाइप कळत नाही. नव्या मुलींना हे मीच शिकवते. शिवायचा दोरा कुठल्याही कपड्यात टिकाऊ म्हणून वेगळा, कृत्रिमच घालतात, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण खोटं आहे हे मी आधीच ठरवून बसले होते, आणि मला हवा तो दोरा आपणहून लोंबत होता.

मायने कात्री आणली. आबांनी बंडी उलटी केली आणि बगलेच्या शिलाईच्या आत दबलेलं कापड नखाएवढं कापून दिलं. ते पितळी ताटलीत ठेवून मी काडी लावली. पेटताना कुरकुर केली, आकसलं, काडी लांब केली तशी आपोआप विझलं. गुठळी झाली नाही. बोटांनी चुरडलं तर काळी राख. आणि वास. बैलाला डाग देताना केस जळाल्याचा येतो, अगदी तो. माय नाकाला पदर लावून म्हणाली की हे जनावरच आहे. आबांनी राख बोटावर घेऊन पुन्हा एकदा चोळली. माझ्या सांगण्यावर त्यांनीही विश्वास ठेवला नाही, आणि ते मला रास्त वाटलं.

बंडी त्यांनी तिथेच घातली. वर शर्ट. आणि मला विचारलं की धुळ्याची गाडी किती वाजता आहे. मी म्हटलं, आता कशाला जायचं, फोन करते, सॉरी म्हणते.

"ज्या तोंडे बोलनी," आबा म्हणाले, "तेच तोंड लिसन जाय."

तेच तोंड घेऊन गेले. एसटीत दोन तास मी काय बोलायचं ते जुळवत होते, आणि दुकानात पाऊल टाकल्यावर त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोरच म्हटलं, नाना, मी शिवायचा दोरा जाळला होता, कापड नाही. कापड खरं आहे. मी फोनवर जे बोलले ते चूक होतं.

नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांना बरं वाटलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. हातरुमालाने गल्ल्याची काच पुसली, उगीचच. मग म्हणाले, की तुमचा फोन ठेवल्यावर मी खोका उघडून बसलो होतो. तीस वर्षं दुकान चालवतोय, पण कंपनी सांगते तेच गिऱ्हाइकाला सांगतो. मलाही रात्रभर वाटत होतं, की आपल्याला कोणी फसवलं तर नाही.

मी दुसरी बंडी मागितली, धुवून बदलायला. त्यांनी ती खोक्यातून काढली, पण पिशवीत घातली नाही. ड्रॉवरमधून कात्री काढली, देवाजवळची काडेपेटी आणली आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवल्या. "बघून घ्या ताई. मलाही बघायचंय."

थोडं ओशाळायला झालं. पण मी नको म्हटलं नाही. बंडी उलटी केली, बगलेच्या आतलं कापड नखाएवढं कापलं. दोन्ही गिऱ्हाइकं वाकून बघत होती. दुकानभर जळक्या केसांचा वास पसरला आणि नानांनी राख दोन बोटांत धरून चुरडली, बराच वेळ.

आता पौष चालू आहे. आबांचा खोकला गेला असं माय म्हणते. पाठीवर गांधी नाहीत. माय बंडी कोमट पाण्यात बुडवून हलकी पिळते आणि दर खेपेला म्हणते की हे काही धुणं नव्हे. मी रविवारी सकाळी पोचते तेव्हा आबा डेअरीवरून परत येत असतात, कॅन रिकामा खडखडत असतो. मी विचारते, बंडी घातली का.

"घालेल शे," ते म्हणतात.

गोठ्यात जाऊन आधी वासराची पाठ बघते, मग येऊन त्यांच्या शर्टाच्या कॉलरच्या आत दोन बोटं घालते. आबा मान वाकडी करून उभे राहतात, तपासून होईपर्यंत.