मी पेरलेली पायवाट

घाटघरच्या पठारावर शहरातल्या मुलांना निसर्ग दाखवायचं काम मी तीन महिने उमेदवारीवर केलं. त्यातल्या शेवटच्या दिवशी माझी जी काही शोभा झाली, ती आता मी हसत सांगते. तेव्हा रडले होते, खोटं कशाला बोलू.

मी जुन्नरच्या बाजारपेठेतली. आमच्या गल्लीतलं वन्यजीवन म्हणजे मांजरं आणि किराणा दुकानातले उंदीर. पक्षी शिकले ते पुस्तकातून; पण तोंड माझं लहानपणापासून चालायचं, त्यामुळे शिबिरात निभावून गेलं. शिबिर चालवणारे सर मात्र मोजकं बोलायचे. "शेवटची फेरी मी स्वतः बघेन, मग ठरवू तुला ठेवायचं की नाही," एवढंच ते म्हणाले होते. इकडे वडिलांनी फोनवर सांगून टाकलं होतं, की कायम केलं नाही तर मुकाट्यानं बी.एड.चा फॉर्म भरायचा. चार भिंतींत फळ्यासमोर उभं राहायच्या कल्पनेनंच मला कोंडल्यासारखं व्हायचं. मला इथंच राहायचं होतं, काहीही करून.

आता अडचण अशी, की निसर्ग वेळेवर हजर राहत नाही. पुण्याहून आलेली पंचवीस पोरं ऐन एप्रिलात माळावरून चालवायची आणि दाखवायचं काय, तर दगड आणि शेण. म्हणून आम्ही शिकाऊ मंडळी एक लबाडी करायचो. शिबिराच्या पेटीत जमवून ठेवलेल्या वस्तू असत, त्यातलं एखादं पीस मुलं यायच्या आधी वाटेवर टाकून ठेवायचं. याला आम्ही पेरणी म्हणायचो. त्या दिवशी मी अख्खी पेटीच पिशवीत रिकामी केली.

उजाडताना निघाले. साळिंदराचे चार काटे, सापाची कात, मोरपीस, घुबडाचं पीस, खेकड्याचं कवच, सगळं वीस-वीस पावलांवर नीट मांडलं. सुगरणीचं जुनं घरटं तर चक्क करवंदीच्या जाळीला लटकवलं. सुगरणीनं पाहिलं असतं तर माझ्या नावानं बोटं मोडली असती. माळावर एक टिटवी माझ्या डोक्यावर घिरट्या घालत केकाटत होती. "गप गं बाई, काम करू दे," असं तिला दरडावून मी पोहे खायला परत गेले.

नऊ वाजता पोरं, सर आणि मी निघालो. "डोळे उघडे ठेवा हं, वाटेवर काय काय सापडतं बघा," मी सुरुवात केली. पहिल्या वळणावर काटा नव्हता. दुसऱ्या वळणावर कात नव्हती. मला दरदरून घाम फुटला. मी बोलत सुटले. वाऱ्यावर बोलले, मातीवर बोलले, शेणावरही बोलले, आणि डोळे सारखे जमिनीवर. एका पोरीनं काळजीनं विचारलं, "ताई, तुमचं काही हरवलंय का?" सर मागून वही घेऊन शांतपणे चालत होते.

तेवढ्यात समोरून शेळ्या आल्या आणि त्यांच्यामागं गावातली एक मावशी. पदराची ओटी फुगलेली. मला बघून तिचा चेहरा खुलला.

"आवो ताई, बरं झालं भेटला. सकाळी तुमच्या पिशवीतनं लई सामान सांडत व्हतं बगा. मी लांबनं हाका मारल्या, तुमाला ऐकू न्हाई आलं."

आणि तिनं पंचवीस पोरांसमोर ओटी मोकळी केली. काटे, कात, पिसं, कवच, एकूण एक. "त्यो खोपा तेवढा शेळीनं खाल्ला," ती ओशाळून म्हणाली.

पोरं हसून हसून लोळली. एकानं विचारलं, "ताई, हे डोंगर पण तुम्हीच ठेवलेत का?" सरांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. बी.एड.चा फॉर्म डोळ्यांपुढे नाचायला लागला. शेवटी कबूलच केलं. "हो, मीच टाकलं होतं सगळं. काही दिसलं नाही तर तुम्ही कंटाळाल, अशी भीती वाटली मला." एवढं बोलून मी ओढणीनं डोळे पुसले.

मावशीला काही उलगडा होईना. "पर दाखवायला टाकायचं कशापायी? हितं हायच की."

तिनं पोरांना हातानंच खाली बसवलं आणि दहा पावलांवर बोट दाखवलं. नुसते खडे. बराच वेळ नुसते खडेच दिसत राहिले. मग त्यातल्या चार खड्यांवर नजर ठरली, आणि ती अंडी होती.

"सकाळी ताईंचा पाय थोडक्यात चुकला," मावशी हळूच म्हणाली. "टिटवी वरडून वरडून दमली बिचारी."

पुस्तकातलं टिटवीचं पान मला तोंडपाठ होतं. ती अंडी उघड्यावर घालते आणि कुणी जवळ आलं की ओरडते, हे मी तीन महिने मुलांना सांगत होते. त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली, की नोकरीचा विचारही मागं पडला. पोरं पालथी पडून बघत होती. टिटवी दूर उतरली, दोन पावलं चालायची, थांबायची, असं करत अंड्यांपाशी आली आणि बसली.

मी सरांना म्हणाले, "माझं सामान आवरते."

"राहा," ते म्हणाले. "पण आता महिनाभर मुलं न्यायची नाहीत. या मावशींच्या मागं हिंडायचं. त्या नेत असतील तर."

मी शेळ्यांमागं पळाले आणि मावशीला विचारलं. तिनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"या की. पर उजाडायच्या आत यायला लागंल."

"येते. सोबत काय काय आणू?"

"काय बी आनू नका," मावशी म्हणाली. "रिकाम्या हातानं या."