नळी कमी खाते

विज्ञान माणसाला निर्भय करतं.

हे वाक्य मी निवृत्त होईपर्यंत दर जूनमध्ये नववीच्या पहिल्या तासाला म्हणत आलो. आवाज जरा खाली आणून, खिडकीबाहेर बघत. मुलं वहीत उतरवून घ्यायची. मी स्वतः मात्र एका घरमालकाला घाबरत होतो. तो अंगानं माझ्या निम्मा होता, कुणावर आवाज चढवत नसे आणि सूर्य बुडायच्या आत जेवून मोकळा होत असे.

त्या भीतीपोटी मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती नंतर आली आयुष्यात, आणि तिला मी बरा माणूस म्हणून दाखवला गेलो होतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हेही तसं धाडसाचं नाहीच, नाही का?

सत्तरनंतरची वर्षं. मी शिरपूरला हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो आणि पन्नालाल शेठजींच्या घरामागच्या एका खोलीत राहत होतो. अंगणाभोवती चार खोल्या, चार भाडेकरू, सगळ्यांत मिळून एक मीटर. भाड्यात दर बल्बमागे ठरलेली रक्कम. बल्ब एकच, तोही चाळीसच्या वर नाही. प्लग कुठेच नव्हता, कारण प्लग असला की माणसाला काहीतरी लावावंसं वाटतं, असं शेठजी म्हणत. माणसाची त्यांची पारख चांगली होती. माझ्याबद्दल तेवढी चुकली.

तेव्हा बचतीचं वारं होतं. तालुक्याहून एक साहेब शाळेत येऊन वीज वाचवा या विषयावर तासभर बोलले, भर दुपारी, हॉलमधले सगळे बल्ब लावून. आभार मी मानले. बरं बोललो म्हणतात.

आता रॉकेलचं सांगितलं पाहिजे. ते रेशनवर मिळायचं आणि त्यासाठी डबा घेऊन रांगेत उभं राहावं लागायचं. सगळं गाव राहायचं. मला ते जड जायचं. ज्यांच्या पोरांना मी सकाळी बाकावर उभं करायचो, त्यांच्याच मागे दुपारी डबा घेऊन उभं राहायचं? म्हणून मी वाशीमहून तारेची शेगडी आणली. विजेची. मातीच्या थाळीत नागमोडी तार बसवलेली असते ना, ती. बल्ब काढायचा, होल्डरमध्ये प्लग अडकवायचा, दार लावून घ्यायचं. संध्याकाळी आल्याचा चहा, सकाळी आंघोळीचं पाणी. शेगडी दिवसभर खाटेखाली, पुस्तकांच्या मागे.

ती तार लाल झाली की अंगणातले सगळे दिवे एकदम मलूल व्हायचे. लोक व्होल्टेजला शिव्या द्यायचे. मीही द्यायचो—दाराच्या आतून.

कौसल्याबाई समोरच्या खोलीत राहायची. आसेगावची, बौद्ध घरातली, नवरा लवकर गेलेला. माहेरी भाऊ होता, पण त्याचंच घर ओझ्यानं वाकलेलं, म्हणून ही इकडे आली होती. दिवसा शेतात मजुरी आणि संध्याकाळी मशीन. शाळेच्या मुलींचे निळे स्कर्ट ती शिवायची. पोटापुरतं मजुरीत निघायचं. पण तिला मजुरी सोडायची होती, नुसत्या मशीनवर राहायचं होतं. ते तिचं चाललं होतं. त्या गावात तिला खोली मिळणं किती अवघड होतं, का अवघड होतं, ते तुम्हाला माहीत आहे. शेठजींनी दिली, हे त्यांच्या नावावर लिहिलं पाहिजे.

निळ्या कापडावर निळा दोरा. चाळीसच्या पिवळ्या बल्बाखाली तो दिसत नाही. एकदा तिनं मला विचारलं, उजेड वाढेल आणि वीज वाढणार नाही असं काही असतं का?

मला असा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. वर्गात तर नाहीच. मी खुललो. अंगणातल्या चबुतऱ्यावर बसून सगळं समजावलं. बल्ब तापतो, अर्धीअधिक वीज तापण्यातच जाते. नळी, म्हणजे ट्यूबलाइट, तापत नाही. चाळीसची नळी शंभरच्या बल्बाएवढा उजेड देते आणि वीज चाळीसचीच घेते. तिनं ऐकून घेतलं आणि त्याचं एका वाक्यात सार काढलं, "मंजे नळी कमी खाते." मी म्हटलं, बरोबर, नळी कमी खाते.

अंगणात तेव्हा आम्ही दोघंच होतो.

तिनं दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत पैसे साठवले आणि नळी घ्यायला वाशीमला गेली. दुकानदारानं तिला शंभरचा बल्ब दाखवला—बाई, स्वस्तात काम होईल. तिनं सांगितलं, आमच्या सरांनी नळी सांगितली आहे. पट्टी, चोक, स्टार्टर, सगळं मी सांगितल्याप्रमाणे घेतलं. बसमध्ये नळी उभी धरून बसली. कंडक्टरनं विचारलं, याचं अर्धं तिकीट फाडू का? हे तिनं मला हसत हसत सांगितलं. हसताना तिला मी तेवढंच एकदा पाहिलं असेन.

नळी मीच बसवली, तिच्या मशीनच्या स्टुलावर उभा राहून. दोनदा फडफडली आणि लागली. चुन्याच्या भिंतींना इतके डाग आहेत हे तिला तेव्हाच कळलं. पुढे उजेड दारातून अंगणात पडायला लागला, तशा इतर खोल्यांतल्या बाया त्यात तांदूळ निवडायला येऊन बसू लागल्या. त्या उजेडात बसूनच एकमेकींना म्हणायच्या, हिची किती वीज जळत असेल.

तुमच्या लक्षात आलं असेल पुढचं. माझ्याही यायला हवं होतं.

त्या महिन्याचं बिल वाढून आलं. वाढणारच. उन्हाळ्यात रॉकेल अगदीच मिळेनासं झालं होतं, आणि मी शेगडीवर चहाच्या जोडीला भातही लावायला लागलो होतो. पण ते कुणाला दिसत नव्हतं. दिसत होती नळी. जे जास्त उजळतं ते जास्त खातं, यात कुणाला शंका असणार? साऱ्या गावाला ते पटलेलं होतं. झिरोचा बल्ब वीजच घेत नाही, मीटरला तो कळतच नाही, हेही पटलेलं होतं—नावच झिरो. दोन्ही खोटं आहे, हे त्या गावात नक्की ठाऊक असलेला माणूस एकच होता.

रविवारी सकाळी शेठजी अंगणात आले. रागात नव्हते. रागात असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी कौसल्याबाईला बोलावलं, बाकीच्या आपोआप जमल्या. मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर आलो.

"बाई, एवढा लख्ख उजेड काही हवेतून येऊन राह्यला का?" शेठजी म्हणाले.

"नाही शेठजी, पर नळी कमी खाते. सर, तुमीच सांगतलं होतं ना मले? सांगा ना यायले."

शेठजी माझ्याकडे वळले. "सर, तुमी सायन्सचे मास्तर. आपल्याले त्यातलं काही समजत नाही. तुमी मनसान ते खरं."

ते मनापासून म्हणाले. मी होय म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि विषय संपला असता—तिचा. मग कुणीतरी विचारलं असतं, नळी नाही खात तर खातं कोण? आणि खाट माझ्या पाठीमागे, उघड्या दारातून दिसत होती.

मी म्हणालो, "तसं नक्की सांगता येत नाही. नळीनळीवर असतं."

नळीनळीवर असतं. हे मी कुठून आणलं? कुठल्याही पुस्तकात असं वाक्य नाही. मी मुद्दाम नंतर पाहिलं.

कौसल्याबाई माझ्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे, वर्गात उत्तर न समजलेलं मूल बघतं तशी. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली आणि परत आली. तिला ठाऊक होतं का? तिची नळी रोज संध्याकाळी एका ठरावीक वेळी फडफडायची आणि त्याच वेळी अंगणात आल्याचा वास यायचा. तिनं मला एकदा विचारलंही होतं, ही मधूनच कायले फडफडते? मी व्होल्टेज म्हणालो होतो. ठाऊक असेल तर त्या सकाळी ती का बोलली नाही? तिच्या बोलण्यावर कुणी विश्वास ठेवला असता का? मास्तरच्या खोलीत जाऊन खाटेखाली बघा, असं तिनं म्हणायचं होतं? तिनं?

शेठजींनी तिला जा म्हटलं नाही. नळी काढा आणि राहा, एवढंच. वर स्वतःच्या दुकानातला झिरोचा बल्ब तिला फुकट दिला. त्यांच्या मते ती सवलत होती. नळी उतरवायला मीच गेलो. दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

शाळा उघडायच्या दिवसांत ती झिरोखाली शिवत बसायची. कापड डोळ्यांजवळ नेऊन, नाक लागेल इतकं. शिवण वाकडी जायला लागली. कपडे परत यायला लागले. मुलींच्या आया दारात उभ्या राहून तिला बोलायच्या आणि मी माझ्या खोलीत पुस्तकाचं पान न उलटता बसून राहायचो. किती सोपं होतं—उठायचं, अंगण ओलांडायचं, शेठजींच्या दारात जाऊन एक वाक्य बोलायचं. मी रोज ते वाक्य जुळवत होतो. व्याकरण चोख बसलं होतं. पाय उठत नव्हते. त्याला कारण शोधायला मी पुष्कळ पुस्तकं वाचली, कारणं बरीच मिळाली, एकही उपयोगाचं नव्हतं.

पावसाळा सरता सरता ती आसेगावला भावाकडे गेली. मशीन बैलगाडीत चढवायला मी हात लावला. ती म्हणाली, राहू द्या सर, तुमचे कपडे भरतीन.

पुढे काही वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी आसेगावला गेलो, तेव्हा ती दिसली. शेतातून येत होती, डोक्यावर गवताचा भारा. मशीन विकलं होतं. तिनंच मला थांबवलं, घरी नेलं, पाणी दिलं. भावाच्या घरात अजून वीज आली नव्हती. भिंतीवर दोन खुंट्यांवर काहीतरी लांबट आडवं ठेवलेलं होतं, जुन्या लुगड्यात गुंडाळून. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"सर, नुसती ठेवून ठेवली तं खराब होते का हो नळी?"

मी म्हणालो, नाही होत. नळीबद्दल तिला त्यानंतर मी खरं बोललो ते एवढंच. तिथे मी बाकीचंही सांगू शकलो असतो. घरात आम्ही दोघंच होतो, घरमालक नव्हता, साबण नव्हता. पाणी पिऊन झालं. बसची वेळ झाली होती. म्हणजे, झाली नव्हती.

शेगडीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. काही नाही. ती मी वापरत राहिलो. कौसल्याबाईची खोली रिकामी पडल्यावरही बिल उतरलं नाही. शेठजी बुचकळ्यात पडले. त्यांनी बराच विचार केला आणि मीटरच बिघडलेला आहे या निष्कर्षाला आले.

मीटर बदलून मिळावा म्हणून वीज कार्यालयाला इंग्रजीतून अर्ज करायचा होता. तो मी लिहून दिला.