टाका म्हणजे ठेवा

राणोजींना मराठीची भूक होती, आणि तीच नडली बघा. तंजावरहून चेन्नईत आलेलं घराणं, बायको गेलेली, मुलं घरातसुद्धा तमिळच बोलणारी. प्रयोगशाळेत काचसामान धुता धुता उभा जन्म सरला. दोन हजार चार साली सोलापूरची क्षमा तिथे संशोधनाला आली आणि पहिल्याच दिवशी "मामा, जेवलात का?" म्हणाली, तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

क्षमाचं काम शेंगवर्गी चाऱ्यावर. त्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू असतात, ते हवेतलं नत्र पकडून झाडाला पुरवतात. त्यातले ऊन, मीठ नि कोरड सोसणारे कोणते, हे तिला शोधायचं होतं. विरुदुनगरकडच्या भेगाळलेल्या कुरणातून ऐन मे महिन्यात तिने गाठी खणून आणल्या, त्यातले जिवाणू काचेच्या थाळ्यांत वाढवले. सगळी पीएचडी त्यांच्यावर.

थाळ्या गरम पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, ठेवायच्या दिवशी नेमकी ती तापाने फणफणली. अण्णा नगरातल्या खोलीवरून तिने फोन केला, "मामा, टेबलावरच्या थाळ्या तेवढ्या टाका हं."

आता सोलापुरात चहा टाकतात, भाकरी टाकतात, म्हणजे करायलाच ठेवतात ना! राणोजींच्या तंजावरी मराठीत मात्र वस्तू ठेवायची नाहीतर घालायची. टाकायचा तो कचरा. आणि जिवाणू टाकायचे तर आधी वाफेत मारायचे, हा तिथला नियम. म्हाताऱ्याने मन लावून एकूण एक थाळी वाफेच्या मोठ्या कुकरात शिजवली आणि आतलं सगळं फेकून दिलं. ज्यांना मे महिन्याचं ऊन मारू शकलं नाही, ते असे गेले.

क्षमा परतली. "थाळ्या कुठायत, मामा?"

"टाकल्या की, माये. तूच सांगितलीस."

तिने नोंदवही मिटून पिशवीत घातली. ओरडली असती तर बरं झालं असतं. गाठी पुन्हा आणायला गेली, तर कुरणावर जेसीबी फिरून प्लॉट पडलेले. राणोजींना अन्न गोड लागेना. पोरीचा सत्यानाश केला मी, एवढंच मनात.

शेवटी दुसऱ्याच रानातल्या गाठी आणून तिने पहिल्यापासून सुरुवात केली. नव्या थाळ्या राणोजींसमोर ठेवल्या. निदान रागावून तरी बोलेल, म्हणून ते तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. क्षमाने मान वर न करता एकेक शब्द सुटा करत म्हटलं, "प्लीज कीप दीज इन द इन्क्युबेटर."

"येस, मॅडम," राणोजी म्हणाले.